पांदणीवरचं विद्यापीठ

जया नासरेला समन्वयक केलं ते एका वाक्यात. एप्रिलचं ऊन होतं. संचालकांच्या केबिनमधल्या कूलरची नुसती घरघर चालली होती, कारण त्यात भरायला पाणी नव्हतं. ढुमणे सर नागपूरला राहायचे आणि आठवड्यातून एकदोनदा उपकेंद्रावर यायचे. त्या दिवशी त्यांना परतायची घाई होती. विद्यापीठानं सगळ्या उपकेंद्रांकडून पुढच्या काळाचा आराखडा मागवला आहे, असं त्यांनी सांगितलं. बेलधरीचं उपकेंद्र ठेवायचं की बंद करायचं, तेही त्यावरूनच ठरणार होतं.

"तुम्ही इथल्याच आहात मॅडम. समन्वयक म्हणून तुमचंच नाव टाकतो," ते म्हणाले. आणि गाडीत बसता बसता जोडलं, "उपकेंद्र टिकलं तर जागा निघतील. निघाल्या तर पहिला विचार तुमचा."

हे वाक्य जयानं आधीही ऐकलं होतं. आधीच्या संचालकांकडून, त्यांच्याही आधीच्या प्रभारींकडून. तरी ती आनंदली. छत्तीस वर्षांची बाई पुन्हा त्याच वाक्यावर आनंदते कशी, असं तिचं तिलाच वाटलं, पण घरी जाताना तिची पावलं जरा भरभरच पडत होती.

बेलधरी हे कारंजा आणि आष्टीच्या मधलं गाव. हायवेपासून आत, माळ्यांची वस्ती, घरटी भाजीपाला. कारंज्याच्या ढाब्यांवरची वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, बऱ्याच अंशी बेलधरीची. गावाला लागून मोठं गायरान होतं, आणि गायरानातून एक पांदण खाली नाल्यापर्यंत जात होती. नाल्याकाठची काळी वावरं माळ्यांची. ढोरं, बैलबंड्या, आणि पुढं भाजीचे ऑटो, सगळं त्या पांदणीनं जायचं. दुसरी वाट नव्हती. पलीकडं नाला, आणि नाल्याला पावसाळाभर पूर.

जया शाळेत असताना त्या गायरानावर विद्यापीठाचं उपकेंद्र करायचं ठरलं. गावानं ठराव दिला. जयाचे वडील पुंडलिकराव तेव्हा ग्रामपंचायतीत सदस्य होते आणि ठरावाच्या बाजूनं सगळ्यात जास्त तेच बोलले होते. पोरी शिकायला वर्ध्याला पाठवायची गावाची टाप नव्हती, आता विद्यापीठच दारात येणार होतं. पांदणीचा प्रश्न निघाला तेव्हा मोजणीला आलेले साहेब म्हणाले, रस्ता तुमचाच आहे, तो कोण नेतो उचलून? त्या बोलण्यावर गाव खुश झालं आणि साहेबांना पाटवडी-रस्सा जेवू घातला. कागदावर कोणी काही घेतलं नाही.

पहिली काही वर्षं उपकेंद्र खरंच चांगलं चाललं. दगडी पायऱ्यांची इमारत, ग्रंथालय, सभागृह. जया तिथंच भूगोल घेऊन एम.ए. झाली, पुढं सेट झाली, आणि तिथंच तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. एकेक प्राध्यापक निवृत्त झाला, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मुलींचं वसतिगृह बांधून झालं, पण पाण्याची जोडणी झाली नाही म्हणून त्याचं कुलूप कधी निघालंच नाही. आता त्याच्या गच्चीवर पिंपळ उगवला होता. मागच्या रानात घाणेरी माजली, आणि तिच्यात रानडुकरांनी घर केलं. ती रात्री माळ्यांच्या वावरात उतरत. गावातली माणसं आता उपकेंद्राला विद्यापीठ म्हणत नसत, 'डुकराचं रान' म्हणत.

जयाला स्थळं येत. पाहुणे चहा पीत आणि विचारत, पोरगी पर्मनंट आहे काय? पुंडलिकराव सांगत, होते आता, फाइल पुढं गेली आहे. पुढं पुढं पाहुणे यायचे थांबले. धाकटा भाऊ शुभम पुण्याला कंपनीत लागला, तिकडंच लग्न करून राहिला. आईवडिलांपाशी जया उरली. वाईट कोणी वागलं नव्हतं. नुसती वर्षं निघून गेली होती.

आराखड्याचं काम मात्र तिनं मनापासून केलं. पावसाळ्यात प्रवेश झाले, वर्गात मोजकी मुलं होती, पाऊस ओसरल्यावर त्यांना घेऊन तिनं सगळा परिसर पायाखाली घातला. कोयत्यानं घाणेरी तोडत, हातापायावर ओरखडे घेत, त्यांनी प्रत्येक इमारत, विहीर, झाड नकाशावर उतरवलं. मोकळ्या रानात रेघा मारताना जयाला वाटायचं, इथं रोपवाटिका होईल, इथं भाजीपाल्याच्या साठवणुकीचा अभ्यासक्रम, संत्र्यावरच्या प्रक्रियेचा वर्ग. वसतिगृहाचं कुलूप निघेल, आष्टी तालुक्यातल्या पोरी इथं राहतील. संध्याकाळी पांदणीनं वावरातून परतणारे पुंडलिकराव थांबायचे आणि पोरांनी धरलेल्या टेपकडं पाहत उभे राहायचे. बोलायचे काही नाही, पण घरी गेल्यावर कुंताबाईला सांगायचे की आपली जया विद्यापीठ मांडून राह्यली.

धम्मदीप हा तिचा सहकारी. अर्थशास्त्र शिकवायचा, तोही तासिकेवर. त्याला यात काही राम वाटत नव्हता. तो तिला म्हणायचा, ताई, असे आराखडे कपाटात जातात आणि तिथंच वाळवी खाते. जया हसून सोडून द्यायची.

तिनं नकाशा रंगवला. इमारती तांबड्या, झाडं हिरवी, पाणी निळं. मागचा सगळा पट्टा, नाल्याकाठच्या वावरांपर्यंतचा, तिनं पिवळा केला आणि कोपऱ्यात लिहिलं : विनावापर. पांदण तुटक रेघेनं दाखवली. काम पक्कं व्हावं म्हणून विद्यापीठानं एक सल्लागार नेमला होता, नीलेश नावाचा. तरुण, मऊ बोलणारा. तो आला, त्यानं नकाशा उलगडून पाहिला आणि म्हणाला, इतकं सुंदर काम मी दुसऱ्या कुठल्याच उपकेंद्रात पाहिलं नाही. नकाशा आणि तिची सगळी टिपणं तो घेऊन गेला. जयाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

थंडी सरत आली तेव्हा मसुदा आला. जाड, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. जयानं तो स्टाफरूममध्ये बसून वाचला. तिची रोपवाटिका नव्हती, वसतिगृह 'टप्पा तीन' मध्ये गेलं होतं, त्यापुढं वर्ष लिहिलेलं नव्हतं. पिवळा पट्टा होता. तो दीर्घ मुदतीच्या भाड्यानं बाहेरच्या कंपनीला द्यायचा, तिथं सौर प्रकल्प आणि कौशल्य केंद्र व्हायचं, त्यातून येणाऱ्या उत्पन्नावर उपकेंद्र चालायचं. भोवती पक्की भिंत. त्या भिंतीच्या काळ्या रेघेत पांदणीची तुटक रेघ कुठं गेली ते जयाला आधी कळेचना. तिनं बोट ठेवून शोधली. ती काढून टाकली होती.

तिनं नीलेशला फोन लावला. तो तितक्याच मऊपणानं बोलला. महसूलच्या नोंदीत तो रस्ता नाही, मॅडम. मोजणीत नाही, सातबाऱ्यावर नाही. आम्ही तरी कसा दाखवणार? जया म्हणाली, रस्ता जमिनीवर आहे, रोज त्यावरून माणसं जातात, आणि तो पट्टा रिकामा नाही.

"पण मॅडम, विनावापर हा शब्द तुमचाच आहे," नीलेश म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो फक्त आठवण देत होता.

जयानं फोन ठेवला आणि पुढच्या तासाला वर्गावर गेली. काय शिकवलं ते तिला नंतर आठवलं नाही.

ढुमणे सरांनी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांना फक्त निवृत्त व्हायचं होतं. त्यांचं म्हणणं असं की भाड्यानं दिलं नाही तर उपकेंद्र बंदच होईल, मग पोरं कुठं जातील? गावाची बैठक घ्यावी लागणार, हरकती मागवाव्या लागणार. आणि गावाला समजावून सांगायला जयापेक्षा योग्य कोण? ती गावची लेक, गावाच्या भाषेत बोलेल. आराखडा मंजूर झाला तर समन्वयकाचं पद करारावर का होईना पूर्ण पगाराचं होणार होतं, तेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

जया घरी काही बोलली नाही. रोज ठरवायची की आज सांगू, आणि रोज काहीतरी निघायचं. पुंडलिकराव त्या हंगामात खुशीत होते. फुलकोबी चांगली आली होती, आणि वावराच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, त्यांनी संत्र्याची नवी कलमं लावली होती. त्या वयात माणूस संत्रा लावतो तो कोणासाठी, असं जयाला वाटायचं आणि घास तोंडात फिरायचा. कुंताबाई विचारायची, पोटात दुखते काय? ती म्हणायची, नाही, तपासायचे पेपर आहेत.

गावात बातमी शेवटी आष्टीच्या बाजारातून आली. कोणी तहसीलमधल्या ओळखीच्याकडून ऐकलं, कोणी ढाब्यावर. जया त्या संध्याकाळी पांदणीनंच घरी चालली होती. पुंडलिकराव पांदणीच्या कडेला, खांद्यावरचा दुपट्टा गवतावर टाकून बसले होते. तिची वाट पाहत बसले आहेत हे तिला लांबूनच कळलं.

"भिंत येऊन राह्यली म्हंतेत. खरं हाय काय?"

"हो बाबा."

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग आमाले सांगतलं काऊन नाई?"

जया उभीच राहिली. तिनं सगळं सांगितलं, पिवळा रंग, तो शब्द, नीलेशचा फोन. पुंडलिकराव पायाजवळचं गवत उपटत ऐकत होते. मूठभर गवत बाजूला टाकून ते म्हणाले, "ठरावावर मीच बोललो होतो तवा. कागद मांगाची अक्कल मले नाई आली." मग उठले, दुपट्टा झटकला आणि पुढं चालायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

बैठक उपकेंद्राच्या सभागृहात झाली. खुर्च्यांवर पारव्यांची घाण पडली होती, ती त्या दिवशीपुरती पुसून काढली. गावातली बरीच माणसं आली होती, बाया मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या, कुंताबाईही त्यांच्यात. ढुमणे सर, नीलेश, विद्यापीठाचे एक अधिकारी समोर. नीलेशनं पडद्यावर चित्रं दाखवली. मग ढुमणे सर म्हणाले की आता आपल्याच गावच्या नासरे मॅडम सगळं सोपं करून सांगतील.

जयानं काय बोलायचं ते लिहून आणलं होतं, पण तिनं पान उघडलं नाही. ती गावाच्या बोलीत बोलली. ती म्हणाली, हा पिवळा पट्टा मी रंगवला. मले वाटलं होतं इथं आपल्या कामाचं काही होईन. आता हा पट्टा भाड्यानं जाईन, भिंत होईन, अन् पांदण बंद होईन. आराखड्यात पांदण नाई. ज्याले हरकत घ्यायची हाय त्यानं आज लिहून द्यावी, तोंडी बोलून काही होत नाई, हे आपण एकदा पाह्यलं हाय.

ढुमणे सर चष्मा पुसत राहिले. जयाला वाटलं होतं की आता गाव तिच्या बाजूनं उभं राहील. पुढच्या रांगेतून मोतीलाल उठला. त्याचं वावर नासऱ्यांच्या वावराला लागून, दोन्ही घरांचं एकमेकांकडं जाणंयेणं.

"कोनी बाहेरच्यानं केलं असतं त त्याले पाह्यलं असतं," तो म्हणाला. "आपल्याच पोरीनं वावराची वाट दाखवून देल्ली. आता सांगते हरकत घ्या म्हनून."

कोणी त्याला खाली बसवलं नाही. बायांमध्ये कुजबुज झाली. जयानं आईकडं पाहिलं. कुंताबाई पदर तोंडाशी धरून जमिनीकडं पाहत होती.

हरकती मात्र लिहिल्या गेल्या, गठ्ठाभर. पुंडलिकरावांनी पहिली सही केली. त्या हरकतींमुळं आराखडा मंजूर झाला नाही, आणि फेटाळलाही गेला नाही. तो फेरविचारासाठी ठेवला गेला. भिंतीचा पैसा मात्र आधीच वेगळ्या खात्यातून मंजूर होता आणि मार्चअखेर तो खर्च व्हायचा होता, म्हणून भिंत झाली. पांदण भिंतीला मिळत होती तिथं दोन्ही बाजूंना लोखंडी फाटक बसवलं. विद्यापीठानं आदेश काढला तो असा : आराखडा अंतिम होईपर्यंत शेतकऱ्यांना ये-जा करू द्यावी, मात्र ती स्थानिक समन्वयकाच्या जबाबदारीवर. फाटकं सकाळी उघडावीत, संध्याकाळी बंद करावीत. परिसरात काही नुकसान झाल्यास समन्वयकाला जबाबदार धरलं जाईल. समन्वयकाचं पद रिक्त झाल्यास परवानगी आपोआप संपेल.

हे शेवटचं वाक्य ढुमणे सरांनीच घालून घेतलं होतं, असं त्यांनी जयाला सांगितलं. तिच्या भल्यासाठी. तिला काढलं तर वाट बंद होऊन गाव उठेल, म्हणून आता तिला कोणी काढू शकणार नव्हतं.

पूर्ण पगाराचं पद झालं नाही. तासिका चालू राहिल्या. पण पहाटे उजाडायच्या आत जया फाटक उघडायला उभी असायची, कारण भाजीचे ऑटो कारंज्याला लवकर पोचले तरच भाव मिळतो. माणसं तिच्यासमोरून जायची. काही जण मान हलवत, काही जण सरळ समोर पाहत. मोतीलाल ऑटोचा हॉर्न वाजवायचा, तिच्याशी बोलायचा नाही. संध्याकाळी शेवटचं माणूस वावरातून येईपर्यंत ती पायऱ्यांवर बसून वह्या तपासायची. एकदा शुभमच्या मुलाच्या बारशाला पुण्याला जायचं ठरलं. पुंडलिकराव म्हणाले, किल्ली मी सांभाळतो, तू जाय. ती गेली, आणि त्याच दिवशी विद्यापीठाचे अधिकारी परिसर पाहायला आले. समन्वयक गैरहजर, फाटक परक्याच्या ताब्यात, असा शेरा पडला. ढुमणे सरांनी मिन्नतवारी करून तो मिटवला आणि तिला बजावलं की पुन्हा असं नको. बारसं अर्धं टाकून ती ट्रॅव्हल्सनं परतली होती.

उन्हाळ्यात धम्मदीप उपकेंद्र सोडून गेला, आणि समन्वयक करता येईल असं जयाशिवाय तिथं कोणी उरलं नाही. अमरावतीच्या एका नव्या कॉलेजात त्याला पक्की नोकरी लागली होती. तिथं भूगोलाचीही जागा होती. त्यानं जयाचं नाव सुचवलं, ती एका सुटीच्या दिवशी मुलाखत देऊन आली, आणि तिची निवड झाली. मुलाखतीत त्यांनी तिच्या नकाशाची प्रत फार वेळ पाहिली. तिनं काय केलंय हे समजून घेणारी माणसं समोर बसली आहेत, असं तिला पुष्कळ वर्षांनी वाटलं. परतताना एस.टी.च्या खिडकीशी बसून ती रडली, आणि बाजूच्या बाईनं विचारलं तेव्हा म्हणाली, धूळ गेली डोळ्यात.

घरी तिनं या वेळी लपवलं नाही. कुंताबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. पुंडलिकराव म्हणाले, "तू जाजो बाई. आमचं आमी पाहून घेऊ."

पण गावात गोष्ट राहत नाही. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी अंगणात माणसं येऊन बसली. मोतीलाल होता, त्याची म्हातारी आई होती, वरच्या आळीतले दोघेतिघे होते. सभागृहातल्या बैठकीनंतर यांपैकी कोणी नासऱ्यांच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं. कुंताबाईनं चहा ठेवला. इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्या, पावसाच्या, वांग्यावरच्या रोगाच्या. मुद्द्याचं कोणी बोलेना. शेवटी मोतीलालची आईच म्हणाली, "माय, तू गेली त फाटक कोन उघडन?"

जयाजवळ उत्तर होतं. तिला म्हणायचं होतं की मी वाट दाखवून दिली ना, मग आता माझ्याकडं कशाला आलात? म्हातारी तिच्याकडं पाहत होती. त्या नजरेत लबाडी नव्हती, माफीही नव्हती. फक्त विचारलेलं होतं. मोतीलाल कपातल्या चहाकडं पाहत होता आणि त्याचा कान लाल झाला होता.

पुंडलिकराव मधे बोलले, की पोरीचं वय निघून गेलं याच्यात, तिले जाऊ द्या. मोतीलाल म्हणाला, आम्ही कुठं अडवतो, फक्त हंगाम निघू द्या. एका हंगामानंतर दुसरा येतो हे अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

जयानं अमरावतीला महिन्याची मुदत मागितली. त्या महिन्यात तिनं एकच गोष्ट केली. ती कारंज्याच्या तहसीलमध्ये गेली, जुन्या पांदण रस्त्याची नोंद करून घ्यायची रीत काय ते विचारून आली, आणि गावाचा अर्ज तयार केला. नोंद एकदा झाली की फाटकाला कुलूप घालायचा अधिकारच कोणाला राहणार नव्हता. मग ती मोकळी होती. अर्जावर सगळ्यांनी सह्या केल्या, पहिलं नाव पुंडलिकराव नासरे. मोतीलालनं गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब गोळा केले आणि त्यासाठी घरोघर फिरला. आता तो फाटकाशी थांबून बोलू लागला होता. एकदा त्यानं न मागता फुलकोबीचा गड्डा तिच्या पिशवीत टाकला.

अर्ज दाखल झाला. महिना संपला. अमरावतीचा फोन आला तेव्हा जयानं आणखी पंधरा दिवस मागितले. पलीकडच्या बाईंनी चांगल्या शब्दांत सांगितलं की सत्र सुरू झालं आहे, थांबता येणार नाही. धम्मदीपनं त्यानंतर तिला फोन केला, आणि दोघांनी पावसापाण्याचं बोलून तो ठेवला.

पावसाळा ओसरल्यावर तहसीलची नोटीस आली. अर्जदार : बेलधरीचे शेतकरी. सामनेवाले : विद्यापीठाचं उपकेंद्र. ढुमणे सरांनी ती वाचली आणि जयाच्या टेबलावर ठेवली. परिसराच्या जमिनीचा विषय समन्वयकाकडं येतो, म्हणून उत्तर तिनंच तयार करायचं होतं, आणि तारखेला उपकेंद्राच्या वतीनं तिनंच हजर राहायचं होतं. जया म्हणाली, सर, अर्जदार माझे वडील आहेत. अर्ज मी लिहिला आहे. ढुमणे सर म्हणाले की ते त्यांना माहीत आहे, पण त्यांच्याकडं दुसरं माणूस कुठं आहे?

तिनं उत्तर लिहिलं. उपकेंद्र व्हायच्या आधीपासून हा रस्ता आहे, लोक त्यावरून जातात, नोंद करायला हरकत नाही, एवढंच. ढुमणे सरांनी सही केली नाही. एवढं सरळ उत्तर वर पाठवल्याशिवाय देता येणार नाही, म्हणाले, आणि ते त्यांनी विद्यापीठाच्या विधी विभागाकडं पाठवून दिलं.

तारखेच्या दिवशी सकाळी फाटक उघडून जया घरी आली. पुंडलिकरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. दोघं मोतीलालच्या ऑटोत भाजीच्या पोत्यांमध्ये बसून कारंज्याला गेले. तहसीलच्या व्हरांड्यात एकच बाकडं होतं, त्यावर दोघं शेजारी बसले. पुकारा झाल्यावर दोघंही उठले. आत साहेबांनी अर्जदार कोण आणि सामनेवाले कोण ते विचारलं, दोन्ही आडनावं ऐकली आणि मान वर करून दोघांकडं पाहिलं. उत्तर आणलंय का, एवढंच जयाला विचारलं. ती म्हणाली, उत्तर वरिष्ठांकडं आहे, मुदत मिळावी. हे वाक्य तिला ढुमणे सरांनी सांगून पाठवलं होतं. वडिलांच्या बाजूला उभं राहून तिला ते दोनदा बोलावं लागलं. साहेबांनी पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर त्यांनी कडुनिंबाखाली डबा उघडला. कुंताबाईनं मेथीची भाजी आणि भाकर दिली होती. पुंडलिकरावांनी भाकरीचा मोठा तुकडा जयाच्या बाजूला सरकवला.

"पुढच्या टायमाले देतीन काय ते उत्तर?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही बाबा."

"अन् हे ढुमने सर गेले त?"

"मग दुसरे येतील. त्यांना पहिल्यापासून सांगावं लागेल."

पुंडलिकराव जेवत राहिले. शुभमचा फोन आला होता, ते सांगत होते. तो म्हणतो, वावर विकून टाका अन् तिघंही पुण्याला या. मी म्हटलं त्याले, वाटेच्या भानगडीतला तुकडा कोन घेते बावा? जया ऐकत होती. आठवड्याभरात उपकेंद्रात नवी समिती बसणार होती, आराखड्याच्या फेरविचाराची, आणि समितीची समन्वयक म्हणून जयाचं नाव आधीच गेलं होतं. या वेळी नकाशा नव्यानं करायचा होता. पट्ट्याला कोणता रंग द्यायचा, याचा विचार तिच्या मनात नकळत सुरूही झाला होता, आणि ते लक्षात येताच तिला स्वतःचीच भीती वाटली.

ऊन कलायला लागलं होतं. मोतीलाल ऑटो घेऊन आला आणि हॉर्न न वाजवता उभा राहिला. संध्याकाळच्या आत पोचायला हवं होतं, बाया वावरात होत्या. जयानं हात धुतले, डबा पिशवीत टाकला, वडिलांना हाताला धरून ऑटोत चढवलं आणि त्यांच्या शेजारी, रिकाम्या पोत्यांवर बसली.